गौतमीला तुम्ही खालच्या मजल्यावर दिसलात

अहो, तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले आणि अजून मी तुमच्याशी भांडलेसुद्धा नाही. सुरुवातीला सवडच मिळाली नाही. परभणीहून तुमचे भाऊ आले, विहारातली मंडळी आली, ऑफिसातले लोक आले. जो तो तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मी मान हलवत होते. आज घरात कोणी नाही. गौतमी कॉलेजला गेली आहे. तिच्याबद्दलच सांगायचं आहे. तुमच्यामागे तिनं काय केलं आणि मी काय केलं, ते तुमच्यापासून लपवून ठेवावंसं वाटत नाही. एक गोष्ट तर मी आधीच सोळा वर्षं लपवली.

तुमचा शेवटचा रविवार. विहारातून आपण तिघं चालत नारायणगुड्याला घरी येत होतो. मुलांचा वर्ग घेऊन तुमचा घसा बसला होता. आणि नेमकं तेव्हाच गौतमीनं काढलं, "बाबा, तिबेटमधले भिक्खू वारलेल्या गुरूंना लहान मुलांमध्ये शोधतात. श्रीलंकेतले बौद्धसुद्धा पुनर्जन्म मानतात. सगळे मानतात, मग आपणच का नाही मानत?"

तुम्ही रस्त्यातच थांबलात. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, तरी हलला नाहीत.

"कारण त्या एका गोष्टीच्या जोरावर आपल्या कितीतरी पिढ्या गावाबाहेर ठेवल्या," तुम्ही म्हणालात. "माझ्या आजोबांना विहिरीवर पाणी वरून ओतायचे. आणि सांगायचे काय, तर मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून या जातीत आलास. गौतमी, आजोबांना ते खरं वाटायचं. म्हातारा मरेपर्यंत विचार करायचा, मी मागच्या जन्मी असं काय केलं असेल."

मला वाटलं संपलं. पण तुमचीच मुलगी ती.

"त्यांनी ते वापरलं, मान्य. पण वाईट माणसांनी वापरलं एवढ्यावरून ते खोटं कसं ठरतं?"

मी म्हटलं, अगं रस्ता आहे हा, चला घरी. तुम्ही ऐकलं नाहीत. माणूस म्हणजे माती, पाणी, हवा आणि ऊब, असं तुम्ही तिला सांगितलंत. मेल्यावर ज्याचं त्यात मिसळतं. माणूस म्हणून काही परत येत नाही. त्यावर ती म्हणाली, "मग मिसळलेलं पुन्हा कुठेतरी जमतच असेल ना, बाबा?" तुम्ही हसलात. बरेच दिवसांनी कोणी तुम्हाला असं अडवलं होतं. "पुढच्या रविवारी वर्गात बोलू," म्हणालात. "सगळ्या मुलांसमोर विचार मला."

गुरुवारी सकाळी दाढी करता करता तुम्ही खाली बसलात.

कोठीच्या त्या हॉस्पिटलात मी काउंटरवर फॉर्म भरत होते. तुमचं वय मी दोनदा चुकीचं लिहिलं, म्हणून काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म काढून घेतला. स्ट्रेचरजवळ गौतमी होती. आत नेताना तुम्ही तिला काहीतरी म्हणालात. मला लांबून फक्त तुमचे ओठ हललेले दिसले. अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले.

त्याच सकाळी आपल्या खालच्या मजल्यावरच्या रेश्माला मुलगा झाला. ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आपल्याकडे माणसं पांढऱ्या कपड्यात बसली होती आणि खालून बाळाचं रडणं वर येत होतं. तुमची वहिनी म्हणाली, खिडकी लावू का? मी नको म्हटलं.

गौतमी रडली नाही. हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवरच्या दोन फोटोंच्या शेजारी तुमचा फोटो तिनंच लावला, मेणबत्त्या लावल्या, आल्यागेल्याला चहा दिला. तुमच्या साहेबांची बायको माझा हात धरून म्हणाली, "कुणाचे काय मागच्या जन्मीचे भोग असतात, आपल्या हातात काय?" बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. गौतमी हातात ट्रे घेऊन समोरच उभी होती. "माझ्या बाबांनी कुठल्याच जन्मी काही केलं नव्हतं," असं ती इतक्या शांतपणे म्हणाली की बाई पुढचं बोलल्याच नाहीत. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे, बापावर गेली. मीही तेच म्हणत होते. सोळा वर्षांचं लेकरू बाप गेल्यावर रडत नाही, याची आईला काळजी वाटायला हवी होती. मला ते सोयीचं वाटलं.

महिन्याभरानं ती दुपारी खाली जायला लागली. कॉलेज सुटलं की दप्तर टाकायची आणि थेट रेश्माकडे. रेश्मा जिन्यात भेटली की म्हणायची, "गौतमी खूब संभालती आपा, मैं दो घडी कमर सीधी कर लेती." मला बरं वाटायचं. लहान मुलात जीव रमतोय, चांगलं आहे, असं मी तुमच्या भावाला फोनवरही सांगितलं.

एक दिवस त्याच भावाचा फोन आला म्हणून तिला बोलवायला मी खाली गेले. दार उघडं होतं, पडदा अर्धाच ओढलेला होता. आत रेश्मा मागच्या बाजूला कपडे धूत होती. गौतमी पलंगावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याचं डावं मनगट तिनं दोन बोटांत धरलं होतं, आणि ती बोलत होती.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात रविवारी बोलू. आता तुम्हाला बोलता येत नाही, ठीक आहे. मी थांबते. दोन वर्षांत बोलायला लागाल."

पडदा बाजूला करायचं धैर्य मला झालं नाही. मी बाहेरूनच हाक मारली.

जिन्यात मी तिला विचारलं. तिनं काही लपवलं नाही. गणित सोडवून दाखवावं तसं एकेक सांगत गेली. तिच्या वर्गातल्या श्रावणीच्या घरात धाकट्या भावाला आजोबांचं नाव आहे, कारण आजोबाच परत आले असं ते मानतात. मागचं आठवणाऱ्या मुलांचे व्हिडिओ तिनं पाहिले होते, पुष्कळ. आणि हे बाळ तुम्ही गेलात त्याच सकाळी आलं. तुमच्या डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, बाळाच्या डाव्या मनगटावर जन्मखूण आहे.

"अगं, इस्त्रीचा डाग तो. चटका बसला होता त्यांना."

"माहीत आहे. पण एवढंच नाही." ती थांबली. "बाबांनी मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"आत नेत होते तेव्हा. 'येतो' म्हणाले."

मी पायरीवर बसले. म्हणजे हे म्हणाला होतात तुम्ही. इतके दिवस मला ते शब्द हवे होते आणि ते तिच्याजवळ होते.

"गौतमी, निघताना 'येतो'च म्हणतात. 'जातो' म्हणत नाहीत आपल्यात. ऑफिसला जाताना रोज म्हणायचे की."

"रोज म्हणायचे आणि रोज यायचे."

यावर काय बोलायचं, सांगा ना. मी चिडले. तुमचे शब्द तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले. तुझ्या बापानं जन्मभर ज्याला विरोध केला तेच तू त्याच्या नावानं करतेस, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुला, विहारात कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सगळं बोलले. जिन्यात माझा आवाज घुमत होता.

"मी कावळ्याला घास ठेवत नाहीये," ती म्हणाली. "पाप-पुण्य काही नको मला. मला फक्त बाबा हवेत. मी नुसती त्यांच्याजवळ बसते."

मी तिला खाली जायची बंदी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माच वर आली. बाळ खांद्यावर होतं. माझं कालचं ओरडणं तिनं ऐकलं होतं. चहा नको म्हणाली, बसली, बराच वेळ बाळाची पाठ थोपटत राहिली.

"आपा, उसकू नक्को डांटो. बाप गया बच्ची का." मग हळूच म्हणाली, "मेरे बच्चे कू बाबा बोलती वो. पैले मैं हसी. हमारे में ऐसा मानते नै. भाईसाब बी नै मानते थे ना?"

"नव्हते मानत," मी म्हटलं. "तुला राग आला असेल."

"गुस्सा नै आपा. डर लगता." तिनं बाळाकडे बघितलं. "घंटा घंटा बैठती, मगर मेरे बच्चे कू देखतीच नै. उसमें किसी और कू देखती. ये तो अब्बीच आया ना दुनिया में. इसकू कोई इसके जैसा देखना ना?"

वीस-बावीस वर्षांची पोरगी ती. मी तिला म्हटलं, मी बघते, तू काळजी करू नकोस. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. कारण ती जे बोलली होती ते मलाच लागू होतं आणि तिला ते माहीत नव्हतं.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला कधी सांगितली नाही.

आपला पहिला मुलगा अकरा दिवस होता. परभणीत. कावीळ झाली, मग दूध प्यायचं सोडलं, मग गेला. तुम्ही आणि तुमचा भाऊ त्याला कापडात गुंडाळून घेऊन गेलात. परत आल्यावर मी विचारलं, कुठे ठेवलंत? तुम्ही म्हणालात, "मातीत." आणि त्यानंतर आपण दोघांनी त्याचा विषय काढला नाही. पुढे गौतमी झाली, तर तिलाही कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी गौतमी झाली. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. नर्सनं तिला माझ्या छातीवर ठेवलं, तिनं माझी करंगळी धरली, अगदी तो धरायचा तशी. आणि मी म्हटलं, "आलास?"

आलास. मुलगी आहे हे मला कळलेलं होतं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही रागावला नसतात, तुम्ही समजावून सांगितलं असतं. मला ते समजावून घ्यायचं नव्हतं. विहारात तुमच्या शेजारी बसून त्रिशरण म्हणताना माझ्या मांडीवर तो परत आलेला असायचा. गौतमीच्या प्रत्येक वाढदिवसाला मी मनात दोन वर्षं मिळवायची. ताप आला की मला वाटायचं, हा पुन्हा जायला निघाला. ती दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत असं चाललं. मग आपोआप कमी झालं.

तर मला वाटलं, हे गौतमीला सांगावं. धाकानं ती ऐकणार नाही. आईलाही असं झालं होतं म्हटल्यावर तिला एकटं वाटणार नाही. रविवारी सकाळी तिचे केस विंचरता विंचरता मी सगळं सांगितलं. बाळ, अकरा दिवस, करंगळी, आलास. ती पाठमोरी होती. माझा कंगवा थांबला तरी ती वळली नाही.

"किती दिवस वाटत होतं तुला असं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. आठ दिवस म्हणायला हवं होतं.

"तू दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत."

"म्हणजे मला मांडीवर घ्यायचीस तेव्हा तू कुणाला घ्यायचीस?"

मी कंगव्यातले केस काढत राहिले.

"शाळेत सोडताना रडायचीस, ते कुणासाठी?"

"गौतमी, तसं नव्हतं गं."

ती वळली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा असा उघडा दिसला मला. "मी तो नव्हते, आई," ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच आले होते."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायची, ताट धुऊन ठेवायची, कॉलेजला जायची. खाली गेली नाही. मी काही विचारलं की हौ-नाही एवढंच. त्या चार दिवसांत मला तुमचा फार राग आला. इतकं वाचलंत, इतकं शिकवलंत, काय मानायचं नाही ते आम्हा दोघींना पाठ करून दिलंत. पण मेलेल्या माणसाचं काय करायचं, ते नाही सांगितलंत. मुलगा गेला तेव्हा तुम्ही एक शब्द बोलून गप्प झालात. तुम्ही गप्प झालात म्हणून मी त्याला दुसऱ्या कुणात तरी ठेवून दिला. मी ठेवून दिला म्हणून... पण जाऊ दे. पोरीला मी दुखावलं. तुमच्यावर ढकलून मोकळी होणार नाही.

पाचव्या दिवशी ती कॉलेजातून आली, दप्तर टाकलं आणि जिना उतरली. मी मागोमाग गेले. अर्ध्या जिन्यात उभी राहिले. रेश्माचं दार उघडं होतं.

"दीदी," गौतमीचा आवाज आला, "इसका नाम क्या रखे?"

महिनाभर ती त्या बाळाजवळ बसत होती आणि तिनं त्याचं नाव विचारलेलं नव्हतं.

"अयान," रेश्मा म्हणाली.

"लूँ?"

रेश्मानं दिलं. गौतमीनं बाळाला हातांवर आडवं धरलं आणि बघत राहिली. मनगटाकडे नाही, तोंडाकडे. "अयान," असं एकदा म्हणाली. बाळाला उचकी लागली. मग तिनं त्याला आईकडे परत दिलं, "सॉरी दीदी" म्हणाली आणि बाहेर आली. मी दिसले तशी पायरीवर बसली, मीही शेजारी बसले.

"त्याचं नाव काय होतं? माझ्या भावाचं."

"ठेवलं नव्हतं."

"कसा होता?"

मग मी तिला त्याच्याबद्दल सांगितलं. बोटं लांब होती. कानांवर लव होती. रडायचा बारीक, मांजराच्या पिलासारखा. अठरा वर्षांत मी त्याच्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते, आणि बोलायला लागल्यावर लक्षात आलं की तो गौतमीसारखा मुळीच नव्हता. करंगळी तर सगळीच बाळं धरतात.

"बाबा रडले होते?"

"माझ्यासमोर नाही. त्याला ठेवून आल्यावर आंघोळीला गेले. नळ चालू ठेवून फार वेळ आत होते."

त्यावर ती रडायला लागली. हुंदके देऊन नाही अहो, ओरडून. जिनाभर. रेश्मा बाळाला घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, पुन्हा लागलं. मी तिला धरून बसले होते, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा मला पक्कं माहीत होतं की माझ्या हातात कोण आहे.

"बाबा नाहीत ना?" ती म्हणाली.

"नाहीत."

"कुठेच?"

तुमचं उत्तर मला पाठ आहे. ते देता आलं असतं. पण जिनं 'आलास' म्हटलं होतं तिनं ते कुठल्या तोंडानं द्यायचं?

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "आपल्याजवळ नाहीत."

तुम्हाला हे उत्तर आवडलं नसतं. वाद घातला असतात, आणि गौतमीनं तुमच्याशी घातला असता, आणि मी दोघांना जेवायला बोलावलं असतं. तुमचे उपकार मानते ते याच्यासाठी. बापाला विचारायची भीती तिला कधी वाटली नाही. आता मला विचारते. परवा विचारलं, तिबेटची ती मुलं मोठी झाली की त्यांना कुणी विचारत असेल का, तू स्वतः कोण आहेस म्हणून? याचं उत्तर तुम्हालाही आलं नसतं बहुतेक.

आमचं सगळं ठीक झालं असं समजू नका. अजून ती मधेच माझ्याकडे रोखून बघते आणि विचारते, "कुणाला बघतेस?" मी म्हणते, तुलाच. ती लगेच विश्वास ठेवत नाही. थोडा वेळ लागेल. कदाचित फार लागेल. माझी वागणूक बघून ती ठरवेल.

आणि खरं सांगू? तिचा संशय खोटा नाही. जिन्यात तिची पावलं वाजतात ती तुमच्यासारखी. दारातून आत येताना ती तुमच्यासारखी डावीकडे झुकते, आणि क्षणभर मला आनंद होतो. मला माहीत आहे हे कुठे जातं. एकदा मी त्या वाटेनं गेले आहे. त्या वेळी माझ्या पोरीची दहा वर्षं मी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. आता उरलेली तुम्हाला द्यायची नाहीत.

म्हणून आज बसून हे लिहिलं. तुमच्याशी जे बोलायचं असेल ते आता असं कागदावर बोलेन, भांडेनसुद्धा. पण तिच्यात तुम्हाला शोधणार नाही. चार वाजत आले. ती आता येईल, आणि मी दार उघडायला उठेन. तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर येऊ नका.